हुबेहूब म्हणजे नेमकं कसं?



आज आम्ही एका परदेशी सिनेमातल्या चिलखताबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शिलाई, लोणची आणि शेळ्या सोडून हे चिलखत कुठून काढलं? तर कारण आधी सांगतो.

समजा, एखाद्या गटाला शंभर पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पाच जणींनी आपापल्या घरी वीस-वीस पिशव्या शिवल्या. कापड एकच, दोरा एकच. पण एकीचे बंद लांब, दुसरीचे आखूड. एकीचा खिसा वर, दुसरीचा खाली. दुकानदार वीस पिशव्या बाजूला काढतो आणि म्हणतो, ‘या नकोत.’ वीस पिशव्यांचं कापड आणि मजुरी गेली, शिवाय गटात रुसवेफुगवे सुरू. ‘माझं काम चांगलंच होतं,’ असं प्रत्येकीला वाटतं, आणि ते खोटंही नसतं. शिलाई चांगलीच होती, फक्त एकसारखी नव्हती.

वेगवेगळ्या घरी बसून एकसारखी वस्तू कशी करायची? याचं एक चांगलं उत्तर काही हौशी लोकांनी शोधलं आहे. ते वेगवेगळ्या देशांत राहतात, एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. तरी त्यांनी घरी बनवलेली चिलखतं शेजारी ठेवली, तर एकाच कारखान्यातून आल्यासारखी दिसतात.

आधी चिलखताची ओळख करून घेऊ. १९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास. गोष्ट अंतराळातली, दुष्ट साम्राज्याविरुद्धच्या लढाईची. त्या साम्राज्याचे शिपाई म्हणजे स्टॉर्मट्रूपर. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं चकचकीत चिलखत, चेहरा पूर्ण झाकलेला. सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात झालं. वेशभूषाकार होते जॉन मोलो. या सिनेमाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

पडद्यावर ते चिलखत लोखंडी वाटतं, पण असतं पातळ प्लास्टिकचं. ते कसं बनतं बघा. मोदकाची पारी उलट्या वाटीवर टाकली की ती वाटीचा आकार घेते ना? तसंच. आधी छातीचा, पाठीचा, पायाचा घट्ट साचा करतात. प्लास्टिकचा सपाट पत्रा चौकटीत धरून तापवतात. तो मऊ होऊन खाली झोळ पडला की साच्यावर बसवतात आणि खालून यंत्राने हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला घट्ट चिकटतो. गार झाला की आकार कायम.

आता ते हौशी लोक. १९९७ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात आल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१ वी लीजन’ नावाचा गट सुरू केला. लीजन म्हणजे पलटण. आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. सभासद साधी नोकरदार, कामकरी माणसं. चिलखत स्वतःच्या खर्चाने करायचं, आणि ते घालून रुग्णालयातल्या मुलांना भेटायला जायचं, मदतनिधीच्या कार्यक्रमांना जायचं. स्वतःसाठी मानधन घ्यायचं नाही. २००७ च्या १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावच्या प्रसिद्ध फुलांच्या मिरवणुकीत ही पलटण चालली, तेव्हा मिरवणुकीचे मानकरी खुद्द जॉर्ज लुकास होते.

पलटणीत येण्याची अट एकच मोठी: चिलखत पडद्यावर दिसतं तसं हवं. हे काम कसं चालतं, ते पायरी-पायरीने सांगतो. तुमच्यातल्या शिवणाऱ्या बायकांना ते ओळखीचं वाटेल.

पहिली पायरी, नमुना नक्की करणं. त्याच सिनेमात एकाच शिपायाच्या शिरस्त्राणाचे दोन प्रकार आहेत. एकाच्या डोळ्यांच्या काचा सपाट, दुसऱ्याच्या बाहेर फुगलेल्या. दोन्ही खरे. पण तुम्ही एकाचे डोळे आणि दुसऱ्याचं तोंड घेतलं, तर ते कशासारखंच होत नाही. म्हणून हात लावण्याआधी ठरवायचं की आपण कोणतं करतोय, आणि त्याचे सगळ्या बाजूंचे फोटो समोर लावायचे.

दुसरी पायरी, कापणं. साच्यातून आलेल्या तुकड्यांना कडेने जास्तीचं प्लास्टिक असतं. ते एकदम कापत नाहीत. ब्लाउज शिवताना आपण माया ठेवतो, तशीच इथेही ठेवतात. तुकडा अंगावर चिकटपट्टीने लावून बघायचा, पेन्सिलीने खूण करायची, थोडं कापायचं, पुन्हा बघायचं. सरळ रेषेत कापायचं तर सुरीने ओरखडा काढून पत्रा वाकवतात, तो तिथे कट्‌कन तुटतो. मग कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात.

तिसरी पायरी, जोडणं. हाताचा किंवा पायाचा नळकांड्यासारखा भाग दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो. ते शेजारी-शेजारी ठेवून जोडावर प्लास्टिकचीच पट्टी चिकटवतात. या पट्ट्यांची रुंदीसुद्धा ठरलेली असते. गोंद असा घेतात की जो वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहतो. तो पक्का व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर चिमटे आणि लोहचुंबक लावून जोड दाबून ठेवायचा. झटपट चिकटणारा गोंद वेळ वाचवतो, पण चुकलं तर सुधारायची सोय ठेवत नाही. लवचिक गोंदाचा जोड चुकला, तर सावकाश सोडवून पुन्हा लावता येतो.

चौथी पायरी, अंगावर बसवणं. सगळे तुकडे आतून इलॅस्टिक, पट्टे आणि टिचबटणांनी एकमेकांना बांधलेले असतात. आत काळा अंगाबरोबर बसणारा पोशाख. कमरेला जाड कापडाचा पांढरा पट्टा. पाठीमागे पट्ट्याला एक नळकांडं लटकतं. सिनेमात तो बाँब आहे. घरी करणारे बरेच जण त्यासाठी साधा पीव्हीसीचा पाइप वापरतात.

इथवर चिलखत तयार झालं. पण ‘हुबेहूब’ची खरी गंमत पुढे आहे.

नव्याने करणाऱ्याला वाटतं, हुबेहूब म्हणजे अगदी सुबक, दोन्ही बाजू सारख्या. पण मूळ चिलखत तसं नाही. त्याच्या डाव्या गुडघ्यावर जाड उंचवट्याची पट्टी आहे, उजव्यावर नाही. कोणी ‘शोभेल’ म्हणून दोन्हीकडे लावली, तर ते चुकलं. शिरस्त्राणाच्या गालांवरच्या निळ्या रेघा पहिल्या सिनेमात हाताने रंगवलेल्या होत्या, त्यामुळे त्या किंचित वेड्यावाकड्या आहेत. यंत्राने छापल्यासारख्या काटेकोर रेघा काढल्या, तर काम जास्त सफाईदार दिसेल, पण मूळच्यासारखं दिसणार नाही.

म्हणजे सुबक वेगळं आणि हुबेहूब वेगळं. ‘मला छान वाटलं म्हणून केलं’ हे सुबक. ‘नमुन्यात आहे म्हणून केलं’ हे हुबेहूब. दोन्हीला मान आहे. पण शंभर पिशव्यांच्या ऑर्डरला दुसरं लागतं. तिथे एकीने आपल्या मनाने बंद चार बोटं लांब केला, तर तिची कला गटाला महागात पडते.

मग नमुना सगळ्यांना सारखाच कळावा कसा? या लोकांनी तो लिहून ठेवला आहे. प्रत्येक पोशाखाचं एक पान. त्यावर फोटो, आणि खाली प्रत्येक भागाचं वर्णन: पट्टा कसल्या कापडाचा, रंग कोणता, जोड कुठे दिसला पाहिजे, कुठे दिसता कामा नये. ‘चांगलं असावं’, ‘नीट असावं’ असले शब्द तिथे चालत नाहीत. कारण नीट म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. डोळ्यांनी बघून किंवा टेपने मोजून हो-नाही सांगता येईल, तेच लिहायचं.

आणि हा नियम वरून कोणा मालकाने लावलेला नाही. चिलखत करणाऱ्यांनीच जुने फोटो तासन्‌तास बघून, वाद घालून, पुन्हा सुधारून तो लिहिला. आम्हाला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या गटांत मापदंड बहुतेक वेळा गिऱ्हाईक ठरवतं, आणि माल नाकारताना सांगतं. आपण आधी लिहिला, तर तो आपल्या हातात राहतो. दुकानदारालाही दाखवता येतो: ‘हे ठरलं होतं, हे दिलं आहे.’

तपासणीची रीतही बघण्यासारखी आहे. चिलखत पूर्ण झालं की समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून शाखेतल्या नेमलेल्या सभासदाकडे पाठवायचे. तो ते त्या पानाशी ताडून बघतो. कमी असेल तर ‘तुला जमत नाही’ असं म्हणत नाही. ‘डाव्या दंडाची पट्टी रुंद आहे, एवढी करून पुन्हा पाठव,’ असं सांगतो. बोट वस्तूकडे, माणसाकडे नाही. करणारा दुरुस्त करतो, पुन्हा फोटो पाठवतो. मान्यता मिळाली की त्याला सभासद क्रमांक मिळतो.

स्टॉर्मट्रूपर करणाऱ्यांनी तर तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली मूलभूत. ती पार केली की पलटणीत प्रवेश. पुढच्या दोन पायऱ्या आपखुशीच्या, बारीक बारीक सुधारणांच्या. यात शहाणपण आहे. पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीची अट घातली असती, तर नवे लोक आलेच नसते. आणि पुढच्या पायऱ्या ठेवल्याच नसत्या, तर जुने लोक शिकायचे थांबले असते.

बायकांनी विचारावं असा एक प्रश्न आहे. मूळ साचे पुरुषांच्या अंगाचे. मग बाई हे चिलखत कसं घालते? घालते, आणि पलटणीत अशा पुष्कळ जणी आहेत. त्या तुकडे कापून आखूड करतात, अरुंद करतात, टिचबटणं सरकवतात. तुकड्याचा आकार ओळखू येईल आणि अंगालाही बसेल, असं दोन्ही साधतात. २०१५ सालच्या स्टार वॉर्स सिनेमात कॅप्टन फाझ्मा ही चंदेरी चिलखतातली अधिकारी ग्वेंडोलिन क्रिस्टी या अभिनेत्रीने केली. ती बाई आहे म्हणून चिलखताला कमरेत चिमटा किंवा छातीला वेगळा आकार दिला नाही. शिपायाचं चिलखत ते शिपायाचं चिलखत. बायकांनी त्याचं फार कौतुक केलं.

घालणं मात्र सोपं नाही. आत उकडतं, नीट बसता येत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात साध्या कपड्यातला एक सोबती बरोबर चालतो. पाणी देतो, पायरी आली की सांगतो, मुलं एकदम अंगावर आली तर आवरतो. फोटोत तो दिसत नाही, पण त्याच्याशिवाय चिलखतवाला दोन पावलं नीट टाकू शकत नाही.

आता पैशाची गोष्ट. तुमच्यापैकी काही जणी शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी फोमचे मुकुट, गदा, चिलखतं करून देता. सिनेमातल्या पात्राचे मुखवटे करून विकावेत का, असा विचार मनात येईल. इथे जपून. अशा पात्रांचे हक्क कंपनीकडे असतात. याच शिरस्त्राणावरून इंग्लंडमध्ये मोठा खटला झाला. सिनेमासाठी शिरस्त्राणं बनवणाऱ्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी पुढे त्याच्या प्रती विकायला काढल्या, आणि लुकास यांच्या कंपनीने दावा लावला. २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे, ती सिनेमात वापरायची वस्तू आहे. त्यामुळे शिल्पाला मिळतं तसं संरक्षण तिथे त्याला मिळालं नाही. पण हा निकाल त्यांच्या देशाच्या कायद्याचा. त्यावर विसंबून आपण इथे दुकान मांडू नये. मावळ्याचा, राजाचा, वाघाचा, पऱ्यांचा पोशाख आपण स्वतः बेतला, तर कोणाची परवानगी लागत नाही, आणि संमेलनात मागणीही त्यालाच असते.

तर सख्यांनो, पुढच्या मासिक बैठकीत एक काम करून बघा. आपल्या गटाची एकच वस्तू घ्या. पिशवी, पापड, गोधडी, काहीही. सगळ्यांना पटेल असा एक नमुना निवडा. पापड असेल, तर त्याचं माप कागदावर गोल काढून ठेवा. मग वहीचं एक पान घ्या आणि मोजता येईल एवढंच लिहा: लांबी, रुंदी, वजन, टाक्यांची ओळ कडेपासून किती बोटं. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी दोरीला गाठ मारून माप द्या. तपासायला दर महिन्याला वेगळी बाई ठेवा, म्हणजे प्रत्येकीला दोन्ही बाजू कळतील. आणि दोष सांगताना आधी वस्तू हातात घ्या, मगच बोला.

पहिल्या महिन्यात बंद तेवढे सारखे झाले तरी पुष्कळ. खिशाचं पुढच्या महिन्यात बघू. तुमच्या गटाचं पान तयार झालं की आम्हाला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळ्यांना वाचून दाखवू. नमस्कार.