शिवाराची नोंद गावानेच ठेवावी

रोहिणी संपत आल्या की पावशा ओरडू लागतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे तो सांगतो, हे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. हा आवाज न ऐकलेला शेतकरी सापडायचा नाही. पण यंदा तो पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला, मागल्या साली कधी आणि दहा वर्षांमागे कधी, असे चावडीवर विचारून बघा. सारे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. माहिती सगळ्यांना आहे, नोंद मात्र कुणाकडे नाही.

नोंद नसली म्हणून काय बिघडते, असे कुणी म्हणेल. त्यासाठी गिधाडांची गोष्ट आठवावी. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की बघता बघता गिधाडे उतरत आणि नुसती हाडे उरत. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली. तीन प्रमुख जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण होते. उपचार केलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

हे संकट लक्षात आले ते राजस्थानात. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली, तेव्हा घट उघड झाली. आधी मोजले होते म्हणून कळले. आपल्या गावोगावीही गिधाडे गेली, पण कोणत्या साली गेली हे विचारले तर उत्तर एकच मिळते : ‘हल्ली दिसत नाहीत बुवा.’

कायद्यात आहे, कपाटात आहे

गावाने अशी नोंद ठेवावी, ही सोय कायद्यातच आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आवश्यक केली. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी समिती आणि नोंदवही कायम आहेत. गावच्या झाडापाल्याचा, औषधी वनस्पतींचा व्यापार करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची तरतूदही मूळ कायद्यात होती. पण आपल्या शिवारात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणार काय?

हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि त्यानंतर काम अपुरे ठेवणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरायला सांगितले. मग एकच धावपळ उडाली. कितीतरी ठिकाणी बाहेरची माणसे दोन दिवस येऊन गेली आणि छापील नमुने भरले गेले. वही तयार झाली, शिक्का बसला आणि ती पंचायतीच्या कपाटात गेली. गावातल्या किती जणांनी ती उघडून पाहिली, हे ग्रामसेवकांनी आपल्या मनालाच विचारावे.

मेंढ्याने काय केले

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्याने ते देशभर गाजले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ‘अभ्यास गट’ चालत. देवाजी तोफा आणि गावकरी, त्यांच्यासोबत ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल, असे सारे बसून एकेका विषयाचा खल करत. बाहेरचा जाणकार आला तर तो माहिती देई. निर्णय मात्र ग्रामसभेचा.

मधाचेच बघा. आग्या मोहोळ जाळून मध काढायची जुनी रीत. त्यात माशा मरत आणि पोळेही नष्ट होई. अभ्यास गटात या गोष्टीचा विचार झाला आणि माशा न मारता पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत गावाने उचलली. कुणी वरून हुकूम काढला नव्हता. मोठ्या माणसांनी पाहिले, तपासले, पटले आणि केले. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लोकांच्या नोंदवह्यांची कल्पना पुढे आणली, तिचे मर्म हेच होते. गावाने स्वतः अभ्यास करावा आणि त्यातून कारभार करावा.

शिकायचे काय?

‘आम्ही जन्मापासून रानात, आम्हाला काय शिकवता?’ असा सवाल हमखास येतो. तो खराही आहे. ज्ञान गावात आहेच. शिकायचे आहे ते मोजणे, लिहिणे आणि ताडून पाहणे.

सुरुवातीला आठ-दहा जण पुरेत. त्यात गुराखी असावा, मेंढ्या राखणारा असावा, ओढ्या-तळ्यात मासे धरणारा असावा. रानभाजी विकणारी बाई तर हवीच. पावसाळ्यात कुठल्या बांधावर काय उगवते हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नसते. शाळेतली पोरे सोबत येऊ देत, पण भार मोठ्यांनीच उचलावा. तीस वर्षांमागचा ओढा त्यांनी पाहिलेला असतो आणि ग्रामसभेत हातही त्यांचाच वर होतो.

महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, दिवस उगवताना शिवारफेरी काढावी. वाट तीच, वेळ तीच, म्हणजे या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडता येतो. वहीत तारीख, ठिकाण, काय दिसले, किती दिसले आणि कुणी पाहिले, एवढे लिहावे. ठिकाण आपल्या बोलीत लिहिले तरी चालेल, मात्र सर्व्हे नंबर जोडावा. डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकले ते ‘ऐकीव’ म्हणून लिहावे. जे दरवर्षी दिसते आणि यंदा दिसले नाही, त्याची नोंद तर आवर्जून करावी.

नावांची गंमत ध्यानात ठेवावी. आपण टाकळा म्हणतो त्याच भाजीला विदर्भात तरोटा म्हणतात. म्हणून गावचे नाव लिहून सोबत फांदी, फूल, पान जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे आणि तालुक्याच्या कॉलेजातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावे. पक्षी ओळखायला एखादी दुर्बीण आळीपाळीने वापरली तरी भागते. सापाला हात लावायचा नाही, घरट्यातली पिले काढायची नाहीत, दुर्मीळ प्राण्याची जागा चारचौघांत सांगत सुटायचे नाही, हे नियम पहिल्याच दिवशी सांगावेत. औषधाची माहिती वैदूने देऊ नये असे ठरवले, तर ती त्याच्या मर्जीविरुद्ध लिहू नये.

गावाला उपयोग

दोन-तीन वर्षांची वही झाली की ती बोलू लागते. ओढ्याचे खोलीकरण निघाले तर काठावरचे कोणते उंबर, करंज वाचवायचे आणि सुगरणीची घरटी कुठल्या झाडावर असतात, हे आधी पुढे ठेवता येते. रोपवाटिकेत आपल्या मातीतली कोणती झाडे घ्यावीत हे सुचते. घाणेरी गायरानात किती पसरली, आपले चाऱ्याचे गवत किती मागे हटले, हे आकड्यात दिसते. गाजर गवत पुण्यात १९५०च्या दशकात पहिल्यांदा नोंदले गेले. तेव्हाच ते गावोगावी ओळखून उपटले असते तर आजची डोकेदुखी किती हलकी झाली असती!

तेव्हा सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवकांनी एवढे करावे. येत्या ग्रामसभेत कपाटातली नोंदवही बाहेर काढावी आणि मोठ्याने वाचावी. ‘हे झाड आपल्याकडे नाहीच’, ‘अन् नदीतला मरळ कुठं लिहिला?’ असे कुणीतरी म्हणेलच. जो तसे म्हणेल, त्याचेच नाव पहिल्या शिवारफेरीच्या यादीत घालावे. नवी वही तिथून सुरू होईल.