भिंत पडली, दरवाजा उभा: छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातून चालताना



आजचं व्याख्यान पायांनी ऐकायचं आहे. जुन्या शहरातून चालायला निघण्यापूर्वी काय बघायचं आणि त्यातून कोणता प्रश्न हाती घ्यायचा, एवढंच आपण ठरवून घेऊ. भडकल दरवाज्यापासून निघायचं. तिथून महमूद दरवाजा आणि पाणचक्की, खाम नदी ओलांडून बेगमपुरा, मकाई दरवाज्यानं परत, किलेअर्क, दिल्ली दरवाजा, आणि मग सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी करत पैठण दरवाज्यापाशी थांबायचं.

या शहराला बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. त्यातले मोजके आज उभे आहेत. तटबंदी तर इथे तुकडा, तिथे बुरूज, एवढीच उरली. म्हणजे भिंत गेली आणि दरवाजे राहिले. आता विचार करा. दार म्हणजे भिंतीतली वाट. भिंतच नसेल, तर तिच्यातल्या वाटेला दार म्हणायचं का? प्रश्न पोरकट वाटेल, पण आपण तो सोडायचा नाही.

आधी दार, मग भिंत

भडकल दरवाज्यापाशी पहिला धक्का बसतो. मलिक अंबरनं १६१० साली खडकी नावाच्या गावाच्या जागी हे शहर वसवलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला, आणि मुघलांना त्यानं वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिला नाही. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ साली त्यानं हा दरवाजा बांधला. आणि आज जिचे अवशेष दिसतात ती तटबंदी? ती औरंगजेबाच्या काळातली, १६८२च्या सुमाराची. म्हणजे दरवाजा भिंतीच्या सत्तर वर्षं आधीचा. भिंत नंतर आली, काही शतकं राहिली, गेली. दरवाजा दोन्ही बघून अजून तिथेच आहे.

भिंत का आली, हेही समजून घेऊ. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरवर धाड घातली. बंड केलेला शहजादा अकबर त्यांच्याच आश्रयाला गेला. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि १६८२च्या सुरुवातीला या शहरात पोचला. मराठ्यांच्या धाडींपासून बचाव म्हणून तट उभारला गेला. ज्यांच्या सैन्याच्या धास्तीनं भिंत बांधली, त्यांचंच नाव २०२३ पासून अधिकृतपणे शहराला आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर: चार नावं झाली. शहर एकच का चार? याकडे आपण परत येऊ.

दरवाज्याचं नाव कुणाचं?

दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, जालना दरवाजा पूर्वेला, मक्का दरवाजा पश्चिमेला. लोकांच्या तोंडी मक्काचा मकाई झाला. नीट बघा, यातलं एकही नाव या शहरातलं नाही. दरवाजा उघडून पुढे गेलं की कुठे पोचाल, ते नावात सांगितलंय. ही रीत सगळीकडची. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. खुद्द जुन्या दिल्लीत लाहोरी, अजमेरी, काश्मिरी दरवाजे आहेत, आणि लाहोरात दिल्ली दरवाजा आहे.

तेव्हा शहर आपल्या काठावर दुसऱ्या गावांची नावं लिहून ठेवतं. मी कोण, हे सांगताना मी कुणाकडे जातो तेही सांगतं. दिल्ली दरवाज्याच्या वाटेनं दिल्ली इथे फौज घेऊन आली, हे खरं. पण याच शहराचा म्हणून ओळखला जाणारा वली १७००च्या सुमारास दिल्लीला गेला. त्याचा काव्यसंग्रह पुढे तिकडे पोचला, तेव्हा फारसीत लिहिणारे दिल्लीचे कवी दख्खनच्या या बोलीकडे वळून बघायला लागले. उर्दू गझलेच्या इतिहासातला हा मोठा टप्पा. एकाच रस्त्यानं सत्ता दक्षिणेला आली आणि भाषा उत्तरेला गेली.

भिंतीखालचं पाणी

पाणचक्कीपाशी जरा रेंगाळायचं. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथे आहे. मुसाफिर म्हणजे वाटसरू, ते बुखाऱ्याच्या बाजूनं आलेले. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळातून इथे आणलेलं आहे. वाटेत ठिकठिकाणी उंच बंब बांधलेत. बंद नळातलं पाणी जिथून सुटलं, जवळपास तेवढ्या उंचीवर ते आपोआप परत चढतं. बंबात ते वर येतं, कोंडलेली हवा निघून जाते, दाब सावरतो आणि पाणी पुढे निघतं. इथे ते उंचावरून हौदात पडतं, त्याच्या जोरावर चाक फिरतं, चाकावरचं जातं फिरतं. यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी पीठ दळलं जाई. ना बैल, ना माणूस. हौदाच्या तळाखाली दालन आहे. डोक्यावर पाणी, म्हणून आत भर उन्हाळ्यात गारवा.

याच्याही आधी मलिक अंबरनं शहरासाठी नहर आणली होती, नहर-ए-अंबरी. डोंगरात झिरपणारं पाणी भूमिगत मार्गानं गोळा करून फक्त उताराच्या बळावर गावात आणायचं, हे तिचं सूत्र. नंतर आणखी नहरी झाल्या. आज शहराचं पाणी जायकवाडीहून येतं, म्हणजे पैठण दरवाज्याच्या दिशेनं. धरण खाली, शहर वर, म्हणून ते पंपानं चढवावं लागतं. नळाला कितव्या दिवशी पाणी येतं हे इथल्या गृहिणींना विचारा, त्या तारखेनिशी सांगतील. जुन्या नहरींवर सगळं शहर तगेल असा भोळा दावा करायचा नाही. वस्ती कितीतरी पटींनी वाढलीय. पण एवढं ध्यानात घ्या, की भिंत बांधणाऱ्यांनाही पाण्यासाठी बाहेरच्या डोंगराशी नातं ठेवावं लागलं. भिंतीच्या आत विहिरी होत्या, तरी शहर जगलं ते बाहेरून आलेल्या पाण्यावर.

माणसांचंही तसंच. बावन्न दरवाजे तसे बावन्न पुरे, असं म्हणतात. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा. राजपूत सरदारांच्या छावण्या वस्त्या झाल्या. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला सगळं शहर लोटतं, तेव्हा बिकानेर कुणाच्या मनातही नसतं. मुक्कामाला आलेली माणसं अशी इथलीच होऊन जातात.

नागसेनाचा रथ

आता अडवून ठेवलेला प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. खामपलीकडे नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय तिथे आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्याशी वाद घालणारा भिक्खू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा वाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग सगळ्यांची रास? तीही नाही. मग यांच्यावेगळा कुठे रथ आहे? तोही नाही. शेवटी राजालाच कळतं, की या भागांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव आपण वापरतो.

हे शहराला लावून बघा. तट म्हणजे शहर? तो पडला, शहर आहे. नाव म्हणजे शहर? ते बदललं, शहर आहे. बांधणारा राजा? तो कधीच गेला. पण इथे एक घाई टाळायची. नागसेन ‘रथ नाहीच’ असं म्हणत नाही, आणि सुटं चाक अंगणात ठेवलं तर त्याला रथ म्हणा, असंही म्हणत नाही. भाग एकमेकांशी जोडलेले हवेत, चालते हवेत. शहराचं ‘चालतं असणं’ म्हणजे ये-जा: पाण्याची, मालाची, माणसांची, शब्दांची. दरवाजा हा या ये-जा करण्याचा अवयव. भिंत नसतानाही भडकल दरवाजा दरवाजाच आहे, कारण वाट अजून त्याच्यापाशी येते.

पण दाराचं कौतुक इथेच आवरतं घेऊ. आपल्या मराठी गावांना वेस असायची. वेशीवर राखण करणारा वेसकर महार असे. दार तो सांभाळायचा, आणि राहायचा वेशीबाहेर. दार असणं वेगळं आणि दार सगळ्यांना उघडं असणं वेगळं. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढलं, ते तटाबाहेरच्या मोकळ्या माळावर. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी मराठवाड्यातली मुलं तिथे आली. बावन्नांच्या मोजणीत नसलेला हा दरवाजा. आमच्या मते या शहरानं उघडलेल्या दरवाज्यांत तो सगळ्यात रुंद आहे.

जतन कशाचं करायचं?

आता व्यवहाराचं. काही दरवाज्यांखालून अजून वाहनं जातात, आणि त्यांचे हादरे जुन्या चुन्याला सोसत नाहीत. काहींना रस्त्यानं वळसा घातलाय. ते वाचले, पण खालून कुणी जात नाही. जाहिरातींचे फलक आणि कचरा तेवढा जमतो. काही रस्तारुंदीत गेले. म्हणजे वापरलं तर झिजतं, नाही वापरलं तर विसरतं. मधली वाट अवघड नाही: गाड्यांना बाजूनं रस्ता, आणि कमानीखालून माणसांची, सायकलींची वाट. दाराला दार म्हणून जगू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तर निघूया. सोबत पाणी घ्या, टोपी घ्या. गुलमंडीला पोचेपर्यंत ऊन चढेल. सुपारी हनुमानाजवळ थोडं टेकू. आणि प्रत्येक कमानीखाली क्षणभर थांबून स्वतःला तीन गोष्टी विचारा: हे दार कुणाच्या भीतीनं बांधलं? कुणासाठी उघडलं? आणि आज इथून कोण जाऊ शकत नाही? पहिल्या दोहोंची उत्तरं इतिहासात सापडतील. तिसऱ्याचं उत्तर आपल्याला एकमेकांना द्यायचं आहे.