पडणारे मांजर आणि त्याग करणारे हरिण

प्राण्यांच्या आपटाआपटीवर चालणारे, सहा-सात मिनिटांत संपणारे अमेरिकी कार्टूनपट १९३० ते १९५० च्या दशकांत भरास आले आणि तो काळ कार्टूनपटाचे सुवर्णयुग म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रातही या कलेला हात घालण्यास फार उशीर झाला नाही, कारण कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीने पुढच्याच वर्षी रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा छोटा कार्टूनपट करवून घेतला. लबाड कोल्हा, शेणाच्या घरातला कावळा आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी ज्या मुलखात घरोघर ठाऊक होती, तेथे विनोदी प्राण्यांचा तुटवडा पडण्याचे कारण नव्हते. तरीही ‘जंबूकाका’ची परंपरा झाली नाही.

हा विनोद दिसतो तितका स्वस्त नसतो. पडद्यावरून सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात आणि प्रत्येक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सात मिनिटांसाठी एकाच पात्राची सुमारे पाच हजार चित्रे लागतात, जी सेल म्हणजे पारदर्शक तावांवर उतरवून, मागून रंगवून, पार्श्वभूमीवर ठेवून एकेक करून टिपली जातात. मांजर भिंतीवर आदळते तेव्हा आदळण्याआधी त्याचे अंग ताणले जाते, आदळताच ते पोळीसारखे चपटे होते, मग काही चौकटी काहीच हलत नाही, आणि त्यानंतरच ते भिंतीवरून घरंगळते. हसू येते ते त्या थांबलेल्या क्षणी, आणि तो किती चौकटींचा हे चित्रकार व संगीतकार आधीच कागदावर ठरवून ठेवतात. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून एमजीएम कंपनीत केलेल्या ‘टॉम अँड जेरी’ मालिकेत स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत धावणाऱ्या पावलागणिक बांधलेले असे, आणि या मालिकेने सात ऑस्कर मिळवले ते बहुधा या हिशेबीपणामुळेच.

एवढा खर्च भरून निघे, कारण मोठ्या कंपन्यांच्या मालकीची चित्रगृहे होती आणि इतर चित्रगृहांनाही मुख्य चित्रपटांबरोबर लघुपट गळ्यात घेणे भाग पडत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ही मक्तेदारी मोडून काढली आणि योगायोग असा, की त्याच वर्षी भारतात फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, ज्याचे लघुपट व समाचारचित्रे प्रत्येक खेळाआधी दाखवणे ही चित्रगृहाच्या परवान्याची अटच झाली. लघुपटाला पडद्याची हमी तिकडे गेली आणि इकडे आली. फरक इतकाच, की इकडची हमी सरकारने दिली होती.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ च्या सुमारास उभा राहिला तो अमेरिकी तांत्रिक साहाय्यावर. शिकवण्यास आलेले क्लेअर वीक्स हे मिशनरी कुटुंबातले, भारतात जन्मलेले आणि डिस्नेच्या ‘बॅम्बी’सारख्या चित्रपटांवर काम केलेले, विभागाची धुरा जी. के. गोखले यांच्याकडे होती आणि तरुण राम मोहन तेथेच तयार झाले. या मंडळींनी १९५७ मध्ये पूर्ण केलेला ‘द बनियन डिअर’ जातककथेतून आला होता: गाभण हरिणीची राजाच्या पाकशाळेत जाण्याची पाळी येते, दुसऱ्या कळपाचा नायक तिच्याऐवजी स्वतःची मान पुढे करतो आणि राजा विरघळतो. बॅम्बीचे हरिण रेखाटलेला हात शिकवण्यास लाभला, पण त्या हाताने शिकवलेली हरणे करुणेच्या कामी लागली. घसरून पडण्याची मुभा त्यांना नव्हती. पुढे कुटुंबनियोजन, बचत आणि आरोग्य हेच विषय प्रामुख्याने वाट्याला आले. कसबात हे कलावंत उणे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या खात्याला प्रत्येक फुटाचे प्रयोजन कागदावर दाखवावे लागते, तेथे मांजर उगाचच भिंतीवर आदळण्याला मंजुरी कोणत्या सदरात मिळणार?

सातारा-सांगलीकडच्या प्रेक्षकांना ही व्यवस्था खालच्या टोकाने माहीत होती. शहरातील थिएटर असो वा पुसेगाव-म्हसवडच्या यात्रेत उभा राहणारा टुरिंग टॉकीजचा तंबू, मुख्य चित्रपटाआधी सरकारी रीळ ठरलेले, आणि ‘न्यूज रीळ संपल्यावर जाऊ’ असा हिशेब करून चहाच्या टपरीवर रेंगाळणारेही ठरलेले. पडद्याची हमी मिळाली तरी प्रेक्षकाची मिळत नाही, हे त्या टपऱ्यांवरच्या गर्दीइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल. अमेरिकेत तर एमजीएमने १९५७ मध्येच आपला कार्टून विभाग बंद केला, त्यामुळे एकीकडे सरकारी हरिण पडद्यावर येत होते आणि दुसरीकडे टॉम-जेरीचे कारखान्यातले दिवस भरत होते.

राम मोहन यांनी पुढे सरकारी नोकरी सोडून स्वतःची संस्था काढली, जपानी निर्मात्यांसह ‘रामायण’ केले आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टॉम आणि जेरी मात्र कराड-मिरजेच्या घरांत सवयीचे झाले ते १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आल्यानंतर, केबलच्या वायरीवरून. बहुतेक भागांत संवाद नावालाच असल्याने भाषांतराची वाट पाहण्याचे कारणच पडले नाही.