आमच्या फायलीत नसलेलं वाद्य

मुलांनो, कार्यानुभवाच्या तासाला वारली चित्र तुम्ही काढलं असेलच. त्यात गोल धरून नाचणारी माणसं असतात आणि मध्ये एक जण लांबलचक वाद्य फुंकत असतो. ते वाद्य म्हणजे तारपा. मी ते पहिल्यांदा जवळून पाहिलं डी.एड.ला असताना, तेही जरा फजिती झाल्यावर!

झालं काय, ‘आपलं कॉलेज आणि संगीत’ असा गटप्रकल्प आम्हाला मिळाला. गटात पाच जण. चौघं आम्ही वसई-विरारचे, लोकलने ये-जा करणारे. पाचवा जव्हारकडचा, वसतिगृहात राहणारा, अबोल. (पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तेव्हा आम्ही सगळे ठाणे जिल्ह्यातलेच.) आम्ही दुकानातून वाद्यांचा तक्ता आणला, सतार, सनई, तबला कापून चिकटवले. कँटीनमध्ये कोण कोणती गाणी ऐकतं तेही विचारून घेतलं. जव्हारच्या मित्राचं अक्षर वळणदार, म्हणून लिहायचं काम त्याच्या गळ्यात मारलं. बिचाऱ्याने रात्र जागून ते पुरं केलं.

सरांनी फाईल चाळली आणि विचारलं, “यातलं एखादं वाद्य तुमच्यापैकी कुणाला येतं?”

सगळे गप्प. मग तो हळूच म्हणाला, “सर, मला तारपा येतो. पण तो यात नाही.”

माझी तर मान खालीच गेली. महिनाभर एका बाकावर बसत होतो आम्ही!

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो गावाहून तारपा घेऊन आला. सुकवलेला दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. विकतचं काहीच नाही! भाताचं पीक तयार झालं की त्यांच्याकडे तारप्याचे दिवस येतात. गंमत म्हणजे वाजवणारा मध्ये थांबतच नाही. गालात साठवलेली हवा फुंकत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो. मी फुंकून पाहिलं, तर नुसतं फुर्र!

मग त्याने मैदानात आम्हाला गोल धरायला लावलं. सूर बदलला की पावलं बदलायची. आमची सारखी चुकत होती. वसतिगृहातली मुलं मात्र चपला काढून सरळ येऊन मिळाली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना हा नाच येत होता, आणि ‘कॉलेज आणि संगीत’ लिहिताना आम्ही वसतिगृहाची पायरीसुद्धा चढलो नव्हतो.

सरांनी फाईल पुन्हा करायला सांगितली. या वेळी तो पाय पसरून कट्ट्यावर बसला, सांगत राहिला आणि लिहायचं काम आम्हा चौघांकडे आलं.

“अक्षर नीट काढा हं,” तो म्हणाला.