पाव व्होल्टचा हिशेब

गॅरेजमध्ये आली तेव्हा गाडी छान चालत होती. एका निवृत्त शिक्षकांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं चालवली की भर रस्त्यात बंद पडायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. याआधी दोन ठिकाणी मिळून तिची कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी बदलून झाली होती. तिन्ही वस्तू नव्या, खोड जुनीच. समोर नसलेला बिघाड माणूस शोधतो कसा, हे मला पाहायचं होतं. म्हणून पुण्यात नाना पेठेजवळच्या त्या गॅरेजात सकाळीच जाऊन बसले.

तिथल्या वायरिंगवाल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. मामांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारपूस. पावसात बंद पडते का? खड्ड्यात आदळल्यावर? मग म्हणाले, "सर, बंद पडते तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का?"

सरांनी आठवून सांगितलं, "लागतो, पण मिणमिणता."

चावी चालू असताना इंजिन थांबलं, तर चार्जिंगचा लाल दिवा ठळक लागायला हवा. तोही मंद असेल, तर उपाशी एकटी कॉइल नाही. चावीपर्यंत येणारा करंटच अपुरा आहे. एवढ्या एका उत्तरावर मामांनी निम्मी गाडी संशयातून वगळली.

"आणि कधीकधी जळल्यासारखा वास येतो," सर म्हणाले. "आधीच्या दोघांनाही सांगितलं होतं."

"कुठून येतो?" मामांनी लगेच विचारलं. हा प्रश्न सरांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

मामांचा नियम पाव व्होल्टचा. बॅटरीपासून कॉइलपर्यंत करंट जातो त्या वाटेवर थोडा दाब कमी होणारच. "पाव व्होल्टपर्यंत माफ. त्यावर गेला तर वाटेत कोणीतरी खातंय." मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला लावून त्यांनी चावी फिरवली. मीटरवर शून्य. हाताखालचा पोरगा खूश झाला. मामांनी गाडी गिअरमध्ये टाकून जराशी ढकलायला लावली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटले आणि कॉइलमधून करंट वाहू लागला. आता मीटरवर ०.१८. करंट वाहत नसताना मोजलं तर खराब जोडही शून्यच दाखवतो.

नुसता ओहम मोजूनही हा आजार सापडत नाही, त्याचं कारण हेच. मीटर स्वतः अगदी किरकोळ करंट सोडतो. क्लिप कशीबशी टेकलेली असली तरी त्याला ती वाट पुरते. कॉइलला मात्र साधारण चार अँपिअर लागतात. तापलेल्या जोडात एक ओहम जरी अडथळा आला, तरी साधारण तीन व्होल्ट तिथेच जातात. बारातून तीन गेले की ठिणगी दुबळी पडते.

थंड गाडीत ०.१८, म्हणजे पाव व्होल्टच्या आत. मामांनी मीटरच्या वायरी लांबवल्या, बॉनेटखालून खिडकीतून आत घेतल्या, मीटर माझ्या हातात दिला आणि सरांना गाडी चालवायला सांगितली. कितीतरी वेळ आकडा हललाच नाही. मग ०.३. सिग्नलला उभे असताना ०.९. एका स्पीडब्रेकरनंतर थेट तीनच्या पुढे, आणि त्याच क्षणी तो वास आला, तापलेल्या प्लास्टिकचा, घशात खवखवणारा. इंजिन अडखळू लागलं. "कडेला घ्या, चावी बंद करू नका!" मामा ओरडले. गाडी थंड होण्याआधी काम उरकायचं होतं.

स्टिअरिंगखाली उताणं पडून त्यांनी वाट मधोमध तोडली. चावीच्या स्विचपासून कॉइलपर्यंत मोजलं, जवळजवळ काही नाही. बॅटरीपासून स्विचपर्यंत, सगळे तीन व्होल्ट. स्विचच्या मागे करंट आणणारी क्लिप तपकिरी पडली होती आणि तिचं प्लास्टिकचं टोपण मऊ झालं होतं. कधीतरी कोणीतरी गाडीच्या टेपसाठी तिथूनच वायर काढून चिकटपट्टी गुंडाळली होती. ओढाताणीत क्लिप सैल झाली. सैल क्लिप तापते, आणि तापून आणखी सैल होते.

बॅटरीची निगेटिव्ह काढून जळका तुकडा कापला, नवी पितळी क्लिप दाबून बसवली, टेपला स्वतःच्या फ्यूजसह वेगळी लाइन दिली. परत फिरवून आणली तेव्हा तापलेल्या गाडीतही आकडा पाव व्होल्टच्या कितीतरी आत होता.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात या गाड्या बनत. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. तिच्यात संगणक नाही, म्हणून ही विद्या तिच्याबरोबर संपेल असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. नव्या गाडीचा स्कॅनर कोणत्या सर्किटची तक्रार आहे ते सांगतो. त्या सर्किटमधला कोणता जोड सैल आहे, ते शेवटी माणसालाच मोजून काढावं लागतं.

मामांनी मजुरी सांगितली तेव्हा बाकावर बसलेला दुसरा एक ग्राहक म्हणाला, "एका क्लिपचे एवढे?" सरांनी घासाघीस न करता पैसे दिले. कॉइल, कंडेन्सर, बॅटरी यांचे पैसेही त्यांनी दिलेच होते, कारण त्या वस्तू हातात घेऊन दाखवता येत होत्या. अंदाजाने पार्ट बदलणारा आपल्या चुकीची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. शोधून काढणारा मात्र महागडा ठरतो. हा हिशेब उलटा आहे. मामांच्या पावतीवर ‘क्लिप’ आणि ‘मजुरी’ अशा दोनच ओळी होत्या. तिसरी हवी, ‘दोष शोधणे’, आणि तिच्यापुढचा आकडा वरच्या दोन्हींपेक्षा मोठा हवा.