साठीनंतरची सायकल आणि सुट्टीचा वार

नाशिकमध्ये भल्या पहाटे गंगापूर रस्त्याला लागणाऱ्या सायकलस्वारांत निवृत्त मंडळी बरीच दिसतात. त्यांच्यातला सगळ्यात चिवट समज म्हणजे एक दिवस खाडा पडला की कमावलेला दम गेला.

दम इतक्या सहजी जात नाही. सायकल पूर्ण बंद ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत घसरण जाणवू लागते. एका दिवसाच्या सुट्टीत उलट स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा भरून येतो आणि चढावर ताणलेल्या तंतूंची डागडुजी होते. ताकद वाढते ती या डागडुजीतून. वय वाढलं की खाल्लेल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून हे काम रेंगाळतं. त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन सुमारे साठ किलोमीटर होतात. तिशीतला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा निघेल. पासष्टीच्या माणसाचे पाय दोन दिवस भरलेले राहिले तर त्याने त्यात कमीपणा मानू नये.

‘खरे सायकलपटू थांबत नाहीत,’ हे ऐकवणाऱ्यांना नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांची आठवण करून द्यावी. 2015 मध्ये त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात 9 दिवसांच्या आत पूर्ण केली. दोघांच्या संघाची रीतच अशी, की एक सायकलवर असताना दुसऱ्याने विसावा घ्यायचा. हा विसावा शर्यतीच्या आखणीतच धरलेला असतो.

दुसऱ्या टोकाचा समज असा, की वय झालं, आता फक्त रमतगमत चालवायची. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शाँ यांचा जन्म 1911 चा. 2014 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, त्यांनी तासाभरात 26.927 किलोमीटर कापले. शास्त्रज्ञांनी त्यांना 101 आणि 103 व्या वर्षी तपासलं, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता 13 टक्क्यांनी वाढलेली आढळली. मधल्या काळात ते वर्षाला 5,000 किलोमीटर चालवत होते: सुमारे 80 टक्के हलक्या जोराने, 20 टक्के दमछाक होईल अशी. एका माणसावरून नियम ठरत नाही, हे खरं. पण आपल्याकडची गफलत यातून नेमकी दिसते. आपण रोजच मध्यम दमतो. ग्रुपमध्ये कोणी पुढे गेला की हलका दिवसही शर्यतीचा होतो, आणि मग चढाच्या दिवशी पायांत जोर उरत नाही. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपवरच्या किलोमीटरांनी यात भरच घातली आहे.

हलकं म्हणजे किती, हे नाडीवरून ठरवायचं तर 220 वजा वय हे कमाल नाडीचं सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोघांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर हे औषध चालू असेल तर हे सूत्र निरुपयोगीच. हलक्या दिवशी सोबत्याशी सलग बोलता आलं पाहिजे, ही कसोटी बरी. सकाळची नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा चढीच असेल, तर सायकल घरी. छातीत दुखलं तर मात्र सुट्टीवर भागवू नये, डॉक्टर गाठावा.

आणि सुट्टी म्हणजे लोळणं नव्हे. सोमेश्वर मंदिराकडे पायी फेरफटका चालतो. सायकलवर हाडांवर फारसा भार पडत नाही, म्हणून ताकदीचे व्यायाम, जे जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान दोनदा सांगते, ते सायकल नसलेल्या एखाद्या दिवशी बसवावेत; लांब राइडच्या दुसऱ्या दिवशी मात्र नकोत. पंढरपूरची सायकलवारी करून आलेल्यांनी तर पुढचा आठवडाभर चढाच्या वाटेला जाऊच नये.