व्हेरिकोसील : पुरुषाचे दुखणे आणि वंध्यत्व



लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे जाते. तिच्या तपासण्या होतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही गंडेदोरे होतात आणि शेवटी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघतात. मुलाची मात्र साधी तपासणीही झालेली नसते. वैद्यकशास्त्र सांगते, की मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषातही असतो. आपल्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात वावरणारा शेतकरी, गाय गाभण राहिली नाही तर वळूचीही चौकशी करतो. ही समज घरात का हरवावी?

या विषयावर बोलणे अनेकांना लाजेचे वाटेल. परंतु 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराविषयीचे ज्ञान अश्लील नसते, ही भूमिका बाबासाहेबांनी सोडली नाही. 1938 साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही आपल्याच जिल्ह्यातील आमदार प्र. ज. रोहम यांनी. तेव्हा लाज बाजूला ठेवून हा आजार समजून घेऊ.

हा आजार काय आहे?

काहींच्या पायावर शिरा फुगून वेड्यावाकड्या झालेल्या आपण पाहतो. वृषणाभोवतीच्या शिरा तशाच फुगल्या, की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. वृषणाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या नीट मिटल्या नाहीत, तर रक्त खाली साचते. डावीकडची शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. म्हणून हा आजार बहुधा डाव्या बाजूलाच होतो.

शंभर पुरुषांत साधारण पंधरा जणांना तो असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. त्यांना मुलेही होतात. परंतु ज्यांना पहिले मूलच होत नाही, अशा पुरुषांत त्याचे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांपर्यंत आढळते. शुक्रजंतू नीट तयार होण्यासाठी वृषण शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावे लागते. साचलेल्या रक्ताने तेथील उष्णता वाढते. त्यामुळे शुक्रजंतूंची संख्या, हालचाल व आकार बिघडू शकतो.

लक्षणे व तपासणी

थोड्या जणांना दुखते. दुखणे ओढ लागल्यासारखे, मंद असते. दिवसभर उभे राहिल्यावर, पोती किंवा उसाच्या मोळ्या उचलल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. हाताला गांडुळांची जुडी लागावी तसे जाणवते.

डॉक्टर रुग्णाला उभे करून, श्वास रोखून कुंथायला सांगून तपासतात. गरज वाटल्यास डॉप्लर सोनोग्राफी करतात. वीर्य तपासणी दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, निदान दोन वेळा करावी. एकाच अहवालावर निष्कर्ष काढू नये.

दोन गोष्टींत उशीर करू नये. वृषणात अचानक असह्य कळ आली, तर पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत उपचार झाले तर वृषण वाचण्याची शक्यता मोठी असते. आणि केवळ उजव्या बाजूला, किंवा उतारवयात एकाएकी शिरा फुगल्या, तर पोटाची व मूत्रपिंडाची तपासणी करावी.

शस्त्रक्रिया कोणाला?

शिरा फुगलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. दुखत असेल तर आधी विश्रांती, आधार देणारी घट्ट चड्डी व वेदनाशामक गोळ्या देऊन पाहतात. त्याने भागले नाही, किंवा हाताला जाणवणारे व्हेरिकोसील असून वीर्यात दोष आहे व मूल होत नाही, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे त्या बाजूचे वृषण लहान राहिले आहे, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. फक्त सोनोग्राफीतच दिसणाऱ्या बारीक दोषासाठी ती सहसा करत नाहीत.

आज सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया उत्तम मानली जाते. जांघेजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन फुगलेल्या शिरा बांधतात. धमनी, लसवाहिन्या व वीर्यनलिका जपतात. वृषण काढत नाहीत. या पद्धतीत आजार उलटण्याचा व अंडकोषात पाणी साचण्याचा धोका फार कमी असतो. पोटातून दुर्बिणीनेही ही शस्त्रक्रिया होते. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. जड ओझे काही आठवडे उचलू नये.

दुखण्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना आराम पडतो. वीर्यातील दोष साधारण 60 ते 70 टक्के रुग्णांत सुधारतो. नवा शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पहिली तपासणी तीन महिन्यांनी करतात. वर्ष-दीड वर्षात साधारण तिघांपैकी एका जोडप्याला नैसर्गिक गर्भधारणा होते. म्हणजे ही हमी नव्हे, संधी आहे. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर इतर उपायांबद्दलही डॉक्टरांशी वेळीच बोलावे.

गैरसमज नकोत

या आजाराने नपुंसकत्व आले असे होत नाही. वंध्यत्व वेगळे आणि नपुंसकत्व वेगळे. हा संसर्गाने होत नाही, हस्तमैथुनाने होत नाही. शस्त्रक्रियेने 'मर्दानगी' जात नाही.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकविले. कारण न शोधता एका निरपराध मुलीला 'वांझ' ठरविणे हे ना धम्माला धरून आहे, ना विज्ञानाला. नवरा-बायकोने दवाखान्यात पहिल्या दिवशीच बरोबर जावे, आणि मुलाचा अहवाल हाती आल्याखेरीज सुनेविषयी घरात कोणी अवाक्षर काढू नये. एवढे आपल्या समाजाने पाळले, तरी अनेक संसार वाचतील.

जयभीम!